हौशी रसायनकोशाचे संकेतस्थळ: मोरचुदाच्या एका पानापासून सुरुवात

रसायनशास्त्राची आवड असलेला माणूस संकेतस्थळ काढायला बसला की पहिल्याच दिवशी आवर्तसारणी मांडतो. अठरा उभे गण, सात आडव्या ओळी, ११८ रंगीत चौकोन. चौकोनावर टिचकी मारली की त्या मूलद्रव्याचे पान उघडणार. हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंतची वीस पाने शाळेतल्या ओळखीच्या बळावर उत्साहाने लिहिली जातात. एकविसाव्या स्कँडियमपाशी काम अडते आणि उरलेले अठ्ठ्याण्णव चौकोन ‘माहिती लवकरच’ अशी पाटी लावून वर्षानुवर्षे तसेच राहतात.

या वाटेने जाऊ नका, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मूलद्रव्यांची सारणी जगात कुणी मांडलेली नाही असे नाही. शेफील्ड विद्यापीठातले मार्क विंटर यांनी १९९३ मध्ये, संकेतस्थळ हा शब्दही फारसा रुळलेला नव्हता तेव्हा, ‘वेबएलिमेंट्स’ सुरू केले आणि ते आजही चालू आहे. तेच आकडे मराठी अक्षरांत पुन्हा टंकून वाचकाच्या हाती नवे काही पडत नाही. मराठीत उणीव आहे ती आपल्या हाताखालून रोज जाणाऱ्या पदार्थांच्या भरवशाच्या माहितीची. द्राक्षबागेत फवारतात ते मोरचूद, पाणी निवळायची तुरटी, कल्हईवाल्याचा नवसागर, टाकणखार, हिराकस, पापडखार, कळीचा चुना, खताच्या पोत्यावरचे नत्र, स्फुरद आणि पालाश. असे तीस-चाळीस पदार्थ घ्या. त्यांची पाने अशी लिहा की बागाईतदार, बारावीचा विद्यार्थी आणि शाळेतले विज्ञानाचे सर, तिघांनाही तिथे थांबावेसे वाटेल. तेवढे साधले तर सारणी मागाहून मांडता येते, आणि नाही मांडली तरी काही अडत नाही.

एक पान कसे घडते

मोरचूदच घेऊ. वरवर पाहता सोपा पदार्थ: निळे स्फटिक, रासायनिक नाव कॉपर सल्फेट. पान लिहायला बसले की पहिला प्रश्न उभा राहतो, कोणते कॉपर सल्फेट? निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात. स्फटिक तापवले की आधी दोन, मग आणखी दोन आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास शेवटचा एक, असे ते टप्प्याटप्प्याने निघून जातात आणि मागे पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की निळा रंग परत येतो. म्हणजे एका नावाखाली दोन पदार्थ आले. सजल रूपाचे मोलर वस्तुमान २४९.६८ ग्रॅम, निर्जल रूपाचे १५९.६१ ग्रॅम. सजल स्फटिकाची घनता पाण्याच्या सव्वादोन पटींहून थोडी अधिक, निर्जल भुकटीची ३.६ पट. दोघांचे नोंदणी क्रमांकही वेगळे. पानावर दोन रकाने केले नाहीत, तर वाचक एकाचा आकडा दुसऱ्याला लावणार हे नक्की.

विद्राव्यतेपाशी गोंधळ आणखी वाढतो. वीस अंशाला मोरचूद पाण्यात किती विरघळते? एक पुस्तक २० म्हणते, दुसरे ३२, तिसरे ३६, आणि तिन्ही बरोबर असू शकतात. शंभर ग्रॅम पाण्यात निर्जल मोरचूद किती, असे विचारले तर उत्तर सुमारे २० ग्रॅम. तेच स्फटिकांच्या वजनात मोजले तर ३६ च्या आसपास, कारण स्फटिकाच्या वजनात ३६ टक्के पाणीच असते आणि विरघळताना ते पाण्यात जाऊन मिळते. शंभर मिलिलिटर तयार द्रावणात किती स्फटिक आहेत, असे विचारले तर ३२. नुसते ‘विद्राव्यता: ३२’ लिहिणाऱ्या पानाचा कुणालाच उपयोग नाही. ‘कशाचे किती, कशाच्या किती प्रमाणात, किती तापमानाला’ हे सगळे तपशील आकड्याला चिकटलेले हवेत.

मग उपयोग. मोरचुदाच्या पानावर बोर्डो मिश्रण आलेच पाहिजे. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात द्राक्षवेलींवरच्या केवडा रोगावर मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण पुढे आणले, आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात आजही ते नावानिशी ठाऊक आहे. एक टक्का मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्हींची द्रावणे प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत करून मग एकत्र करायची. लोखंडी भांडे चालत नाही, कारण लोखंड स्वतः विरघळते आणि द्रावणातले तांबे बाहेर ढकलते. शेतकरी मिश्रणात चकचकीत सुरी बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालतात. भांड्याची सूचना आणि सुरीची परीक्षा, दोन्हींच्या मुळाशी एकच विस्थापन अभिक्रिया आहे. शाळेत लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकून दाखवतात तीच. पानावर हा सांधा दाखवलात की विद्यार्थ्याला शेत दिसते आणि शेतकऱ्याला कारण कळते. हौशी कोशाचे बळ मला याच ठिकाणी दिसते. मोठे आंतरराष्ट्रीय साठे हा सांधा जोडत नाहीत.

स्फटिकात तांबे किती, हेही लिहा: २५.४५ टक्के, म्हणजे एक किलोत जेमतेम पाव किलो. निर्जल भुकटीत ते जवळजवळ ४० टक्के असते. वजनावर हिशेब करणाऱ्याला हा फरक फार महागात पडू शकतो.

आकडा एकटा सोडू नका

मोरचुदाच्या पानावर जे दिसते तेच कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक पानावर दिसेल. पाण्याचा उत्कलनांक १०० अंश, हे समुद्रसपाटीच्या दाबाला. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचावर आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशांतच उकळते आणि भात शिजायला वेळ लागतो. उत्कलनांकाच्या रकान्याशेजारी दाबाचा रकाना नसेल तर ती नोंद अर्धवट आहे.

प्रमाण तापमान-दाबाला एक मोल वायूचे आकारमान २२.४ लिटर, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी घोकलेले. नव्या पाठ्यपुस्तकांत २२.७ दिसते. यात कुणाचे चुकलेले नाही. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार धरायची शिफारस केली. एक बार हा दाब किंचित कमी असल्याने आकारमान २२.४१४ वरून २२.७११ लिटरवर गेले. आई एक आकडा सांगते आणि मुलगी दुसरा, तेव्हा दोघींना बरोबर ठरवणारे पान तुम्हाला लिहायचे आहे.

खताच्या पोत्याचेही तसेच. डीएपीवर १८:४६ छापलेले असते. त्यातला १८ म्हणजे खरोखरच नत्र. ४६ मात्र स्फुरद या मूलद्रव्याचा आकडा नाही, तो फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात सांगितलेला आहे. मूलद्रव्य हवे असेल तर ०.४३६ ने गुणायचे, म्हणजे सुमारे २० टक्के. पालाशही पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजतात. तिथला गुणक ०.८३०. हे दोन गुणक आणि पन्नास किलोच्या पोत्याचा एक सोडवलेला हिशेब (२३ किलो पेंटॉक्साइड, त्यात मूलद्रव्य सुमारे १० किलो) असे छोटे पान मराठीत कितीतरी घरांत उघडले जाईल.

आयोडीनच्या पानावर एक जुना समज दूर करायची संधी आहे. आयोडीन वितळत नाही, थेट वायू होते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ते ११३.७ अंशाला वितळते आणि १८४ अंशांच्या थोडे पुढे उकळते. त्याआधीच भरपूर वाफ निघत असल्याने जांभळा धूर नजरेत भरतो आणि द्रव नजरेतून सुटतो. नॅफ्थलीनच्या गोळ्या ८० अंशाला वितळतात. संप्लवन होते हे खरे, वितळत नाही हे खरे नाही, एवढे एका वाक्यात लिहा आणि आकडा द्या.

एकके बदलतानाही सावध राहा. अमेरिकी पुस्तकात ‘सुमारे ३०० अंश फॅरनहाइट’ असेल आणि तुम्ही ‘१४८.८९ अंश सेल्सिअस’ लिहिले, तर मूळ लेखकाला नसलेली अचूकता तुम्ही त्याच्या तोंडी घातलीत. ‘सुमारे १५०’ लिहा.

आता स्रोत. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला, त्या ग्रंथाची आवृत्ती कोणत्या वर्षाची आणि तुम्ही तो कोणत्या दिवशी पाहिला, या तीन गोष्टी नोंदवा. वाचकाला दिसल्या तर उत्तम, निदान तुमच्या तक्त्यात तरी असू द्या. टंगस्टनचा द्रवणांक जुन्या पुस्तकांत ३४१० अंश आहे, नव्यांत ३४२२. स्रोत लिहिलेला असेल तर हा फरक मोजमाप सुधारल्याचा आहे हे दोन मिनिटांत कळते. नसेल तर टंकनदोष की काय या शंकेत संध्याकाळ जाते. दोन संकेतस्थळांवर एकच आकडा सापडला म्हणजे दोन पुरावे मिळाले असेही समजू नका, कारण दोघांनी तिसरीकडून उतरवलेला असू शकतो. माझा स्वतःचा क्रम असा: औष्णिक आकडे आणि वर्णपट यांसाठी अमेरिकेच्या प्रमाण संस्थेचे ‘केमिस्ट्री वेबबुक’, संयुगांची ओळख पटवायला ‘पबकेम’, आणि बाजारात मिळणाऱ्या मालासाठी उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक. या माहितीपत्रकाचे सोळा विभाग ठरलेले असतात; नववा भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा, चौथा प्रथमोपचाराचा. मराठी विश्वकोश संकल्पना समजावण्यासाठी आणि मराठी संज्ञांसाठी फार मोलाचा आहे. पण त्याचा पहिला खंड १९७६ चा आहे हे ध्यानात ठेवून आकडे मात्र नव्याने तपासा.

अणुभार हे न बदलणारे सत्य आहे असे वाटते, पण तेही बदलतात. सेलेनियमचा ७८.९६ होता, २०१३ मध्ये ७८.९७१ झाला, जस्ताचा २००७ पासून ६५.३८ आहे. कार्बनला तर आता एक आकडा नसून १२.००९६ ते १२.०११६ असा पल्ला आहे, कारण समस्थानिकांचे प्रमाण नमुन्यानुसार थोडे हलते. शिशाचेही तसेच: युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून शिसेच उरते, त्यामुळे कोणत्या खनिजातून आले यावर त्याचा अणुभार थोडाफार अवलंबून असतो. रोजच्या हिशेबासाठी गोळाबेरीज आकडा वर द्या, पल्ला खाली द्या.

चुका पकडणारा क्रमांक

रासायनिक पदार्थांना अमेरिकेतल्या केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने दिलेले नोंदणी क्रमांक, ज्यांना सगळे सीएएस क्रमांक म्हणतात, ते तुमच्या तक्त्याचा कणा करा. नावे दहा असतात, क्रमांक एकच. शिवाय त्याच्या शेवटच्या अंकात चूक पकडण्याची सोय आहे. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५. शेवटचा ५ बाजूला ठेवा. उरलेले अंक उजवीकडून डावीकडे घेत १, २, ३ असे गुणत चला: आठ एके आठ, एक दुणे दोन, दोन त्रिक सहा, तीन चोक बारा, सात पाचे पस्तीस, सात सक बेचाळीस. बेरीज १०५, एककस्थानी ५. जुळले. आता मोरचुदाचे दोन क्रमांक तपासा: सजल ७७५८-९९-८ ची बेरीज १४८, निर्जल ७७५८-९८-७ ची १४७. दोन्ही जुळतात. तक्त्यात याचे एक सूत्र बसवून ठेवले की टंकताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर ती ओळ बहुतेक वेळा लगेच उठून दिसते. अर्धा तास खर्चून बसवलेले हे सूत्र पुढे कायम राखण करते.

शोधणाऱ्याला सापडले पाहिजे

वाचक ‘कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट’ असे क्वचितच शोधतो. तो मोरचूद शोधतो, कुणी मोरचुद असे ऱ्हस्व लिहितो, कुणी नीला थोथा म्हणतो. प्रत्येक पदार्थासाठी पर्यायी नावांची एक यादी ठेवा आणि शोध तिच्यातही चालू द्या. ऑक्साइड-ऑक्साईड, सोडियम-सोडीयम हे जोड आधीच घालून ठेवा. ‘ॲसिड’मधला पहिला वर्ण संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरा ‘अ’ला चिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र वेगळे वाटतात. साठवतानाच सगळे एका रीतीला आणा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव टंकांतला मजकूर तसाच चिकटवू नका. तो युनिकोडमध्ये बदलून, एकदा ओळ न् ओळ वाचून मगच घ्या.

रासायनिक सूत्रे रोमन लिपीतच ठेवा आणि लहान-मोठी अक्षरे जपा. सी मोठा आणि ओ लहान म्हणजे कोबाल्ट. दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बहुतेक शोधसुविधा लहान-मोठा भेद पुसून टाकतात, म्हणून सूत्रांचा शोध वेगळा ठेवलेला बरा. संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ असू द्या, पण बोलण्यात नसलेला शब्द केवळ शुद्ध म्हणून वाचकावर लादू नका.

जुन्या नावांबाबत एक गंभीर सूचना. शेंदूर, हिंगूळ, हरताळ, मनःशीळ, सोमल, मुरदाडशिंग ही नावे घराघरांत ओळखीची असल्याने निरुपद्रवी वाटतात. शेंदूर आणि मुरदाडशिंग शिशाची ऑक्साइडे आहेत, हिंगुळात पारा आहे, उरलेल्या तिघांत आर्सेनिक. या पानांवर विषारीपणाची ओळ सगळ्यात वर, नावाच्या लगेच खाली हवी. बाजारातल्या पुडीवर तेच नाव असले तरी आत तोच पदार्थ असेल असे नाही, हेही लिहा.

सुरक्षेच्या पानावर हयगय नको

घरात सहज घडू शकणारा अपघात साफसफाईच्या द्रवांचा आहे: ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र ओतले की क्लोरीन वायू सुटतो. तुमच्या कोशात एकच इशारा ठळक करायचा असेल तर हा करा. प्रथमोपचार स्वतःच्या मनाने किंवा ऐकीव माहितीवर लिहू नका. आम्ल पोटात गेलेल्या माणसाला उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते; आजीबाईच्या बटव्यातला एक चुकीचा सल्ला जीव घेऊ शकतो. माहितीपत्रकातला चौथा विभाग जसाच्या तसा मराठीत आणा आणि खाली ११२ हा आपत्कालीन क्रमांक द्या. स्फोटके, मादक द्रव्ये आणि विषे तयार करण्याच्या कृतींना कोशात जागा नको. गुणधर्म आणि धोके सांगितले की संदर्भाचे काम झाले. आम्लाच्या किरकोळ विक्रीवर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून निर्बंध आहेत, तेव्हा ‘कुठे मिळेल’ हा रकाना टाळा.

उभारणी आणि निगा

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती वाटते तितकी अवघड नाही. सगळी माहिती एका साध्या तक्त्यात ठेवा: एक पदार्थ, एक ओळ. त्या तक्त्यावरून पाने आपोआप तयार करणारी छोटी आज्ञावली लिहा किंवा लिहून घ्या. तयार पाने स्थिर असू द्या. डेटाबेस आणि लॉगिनची भानगड नसली की ती फुकटात गिटहब पेजेससारख्या ठिकाणी राहतात, गावातल्या मंद जोडणीवरही उघडतात आणि फोडण्यासारखे त्यांच्यात काही नसते. अक्षरासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. तापमानाच्या रकान्यात उणे चिन्ह सगळीकडे एकच वापरा, नाहीतर पाऱ्याचा −३८.८३ हा द्रवणांक क्रमवारीत भलतीकडेच जाऊन बसतो.

विकिपीडियातला मजकूर घेतला तर श्रेय देणे आणि आपला मजकूरही त्याच परवान्याखाली खुला ठेवणे बंधनकारक आहे. पाठ्यपुस्तकातली चित्रे उचलू नका. तुरटीचा, मोरचुदाचा स्फटिक घरी वाढवून त्याचे छायाचित्र काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. असे चित्र कोशाचे स्वतःचे होते.

निगेसाठी वर्षातला एक आठवडा ठरवून टाका. त्या आठवड्यात नवे पान लिहायचे नाही. अणुभारांची नवी यादी निघाली का ते पाहायचे, बाहेरचे तुटलेले दुवे शोधायचे, वाचकांनी दाखवलेल्या चुका मूळ स्रोताशी ताडून दुरुस्त करायच्या आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख पानाच्या तळाशी लिहायची. सगळा तक्ता एका पेनड्राइव्हवर आणि एका दुसऱ्या घरच्या संगणकावर उतरवून ठेवायचा, पानांची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जमा करायची. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले तेव्हा हौशी लोकांची असंख्य पाने एका फटक्यात नाहीशी झाली. ज्यांची प्रत कुणीतरी ठेवली होती तीच वाचली. आणि संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण कधी आहे, पासवर्ड कुठे आहे, तक्ता कुठे आहे, हे एका कागदावर लिहून तुमच्याइतकीच आवड असलेल्या एखाद्या तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे देऊन ठेवा. त्याला किंवा तिला वर्षातून एकदा तुमच्या देखरेखीखाली एक पान स्वतः दुरुस्त करून चढवायला सांगा, म्हणजे कागदावर काही राहून गेले असेल तर ते तुम्ही असतानाच कळेल.